दहा जोड्यांचा भाव

लेकीची मान लांब आहे. लहानपणी आजी कौतुकानं तिला बगळी म्हणायची. वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर सरांनी मात्र पहिल्या महिन्यातच मला बाजूला बोलावून सांगितलं, "ताई, ही डोळा रायफलीच्या साइटपाशी न्यायला मान खाली घालतेय. साठ शॉट होईपर्यंत मान आखडते आणि शेवटचे वीस वाया जातात. साइट वर आणा, मान सरळ राहील."

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं, त्यानंतर नेमबाजीचं वेड लागलेल्या कितीतरी पोरींपैकी ही एक. दहा मीटर एअर रायफल. मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. रायफलीतलं मला काही कळत नव्हतं, आजही फार कळतं असं नाही. पण साइट वर आणण्यासाठी लागणारे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे कसे बनतात आणि त्यांना एवढे पैसे का पडतात, हे मी चार महिने मागे लागून शिकले. ते सगळं इथे लिहिते आहे, कारण आमच्या क्लबातल्या पालकांनी मला हाच प्रश्न इतक्या वेळा विचारला की एकदाच नीट मांडलेलं बरं.

मॅचच्या एअर रायफलीवर नेम धरायला दोन साइट असतात. पुढे नळीच्या टोकाशी गोल कडी आणि मागे डोळ्याजवळ बारीक भोकाची डायॉप्टर. दोन्ही बसतात अकरा मिलिमीटर रुंद रेलवर. ही रेल वर रुंद आणि खाली अरुंद असते; वर्कशॉपवाले तिला डव्हटेलच म्हणतात. रेल आणि साइट यांच्या मध्ये जो ठोकळा घालायचा तो रायझर ब्लॉक. खालच्या बाजूनं तो रेल पकडतो आणि त्याच्या पाठीवर तशीच रेल कोरलेली असते, तिच्यावर साइट बसते. पुढचा आणि मागचा ब्लॉक सारख्याच उंचीचा हवा. आम्हाला आठ मिलिमीटर हवे होते. दिसायला साबणाच्या छोट्या वडीएवढी वस्तू.

पहिली जोडी मी ऑनलाइन मागवली, चिनी बनावटीची, ८५० रुपयांना. काळी, चकचकीत, चार दिवसांत घरपोच. लेकीची मान सरळ झाली आणि स्कोअर पडला. दोन आठवडे आम्ही तिचा श्वास, तिची झोप, परीक्षेचं टेन्शन, सगळ्याला दोष दिला. मग सरांनी मागच्या साइटला बोट लावून हलकेच ढकललं. टिक, असा आवाज आला. कानाला कळेल इतकाच. स्क्रू पूर्ण आवळलेला होता, तरी ब्लॉक रेलवर हलत होता.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. दोन साइटमधलं अंतर साधारण ८० सेंटीमीटर, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे साइटवरची चूक टार्गेटवर साडेबारा पट होऊन दिसते. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर रुंद, आणि क्वालिफिकेशनचे गुण दशांशात धरतात, म्हणजे टार्गेटवरचा पाव मिलिमीटर हा ०.१ गुण. साइट ०.०२ मिलिमीटर सरकली की एक दशांश गेला. माणसाचा केससुद्धा याहून तिप्पट जाड असतो. आणि ही चूक क्लिक फिरवून काढता येत नाही, कारण ती दर शॉटला वेगळी असते. साइट कायमची एका बाजूला असती तर स्क्रू फिरवून जागेवर आणता आली असती. हलणाऱ्या साइटला इलाज नाही.

जर्मन ब्लॉक विकणाऱ्यानं जोडीला नऊ हजारांच्या वर सांगितले, आणि तीन महिने थांबा. क्लबात आणखी नऊ मुलांना असेच ब्लॉक हवे होते. मी म्हटलं, आपण मुंबईत राहतो. साकीनाका आणि मरोळच्या गल्ल्यांत दिवसरात्र लोखंड कापलं जातं. ॲल्युमिनियमचे वीस ठोकळे इथे होणार नाहीत?

साकीनाक्याच्या पहिल्या गाळ्यात माणसानं ब्लॉक हातात घेतला, उलटसुलट केला, "होऊन जाईल" म्हणाला, आणि मग विचारलं, "कशाला लागतं हे?" मी "रायफलला" म्हटल्याबरोबर त्यानं तो काउंटरवर ठेवून दिला. "बंदुकीचं काम आम्ही नाही करत, मॅडम." दुसरीकडे तेच. तिसरीकडे तर मला चहाही विचारला होता, तो रायफल शब्द ऐकून आलाच नाही.

तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. १९५९च्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्र या शब्दात शस्त्राचे भागही धरलेले आहेत. परवान्याशिवाय बनवले तर २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ज्याची दोन मशिनं कर्जावर आहेत, त्यानं अनोळखी बाईच्या शब्दावर ही जोखीम का घ्यावी? आमचं काम त्या कक्षेत येत नाही हे खरं. २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे नळीच्या भोकाच्या, आणि २० जूलच्या आतल्या ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही. मॅचची एअर रायफल त्या मर्यादेच्या निम्म्याच्याही आत असते. शिवाय आमचा ब्लॉक फक्त साइट उचलतो, छर्रा सुटण्याशी त्याचा संबंध नाही. पण हे सांगायला लागतं, कागदावर दाखवायला लागतं, आणि ऐकणाऱ्याला त्यासाठी वेळ काढावा लागतो. तो वेळही शेवटी कुठेतरी भावात येतोच.

मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात मला ऐकून घेणारा माणूस भेटला. मालकाला सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांच्याकडे एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन, एक जुनी मिलिंग, एक लेथ आणि सत्तरीचे एक काका. काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. आता आठवड्यातून तीन दिवस लोकलनं येतात आणि तपासणी बघतात. भाऊंनी तीन गोष्टी मागितल्या. क्लबाचं लेटरहेडवरचं पत्र, रायफलीच्या बिलाची झेरॉक्स, आणि ड्रॉइंगवर ठळक अक्षरांत 'साइट रायझर, एअर रायफल ४.५ मिमी'. "आणि ताई, उद्या कोणी ट्रिगरचा किंवा नळीचा तुकडा घेऊन आलं माझ्याकडे, तर तुमच्या ओळखीचं असलं तरी मी करणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो." मला हा माणूस तिथेच पटला.

मग भाव आला. दहा जोड्या, जोडीला १,८८० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. २,२१८ रुपये.

मी हिशेबाची बाई. गुलालवाडीच्या धातूबाजारात एचई-३० जातीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा भाव विचारून आले होते. एका जोडीला लागणारी धातू, वाया जाणारा बुरा धरून, शंभर रुपयांची. मी म्हटलं, "भाऊ, शंभराच्या मालाला अठराशे ऐंशी?" त्यांनी वाद घातला नाही. जॉबकार्डाची मागची बाजू घेतली आणि लिहायला लागले. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

ब्लॉकचं कॉम्प्युटरवर मॉडेल करून मशीनचा प्रोग्राम बनवायचा, ३,००० रुपये. डव्हटेलचा तिरका कटर नेहमीच्या कामात लागत नाही, तो खास आणायचा, २,८००. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, व्हाइसमध्ये धरायला ॲल्युमिनियमचे सॉफ्ट जॉ, म्हणजे मऊ जबडे, जे फक्त याच आकाराला बसतील असे कोरायचे, १,२००. मग सेटिंग, म्हणजे दर बाजू कापण्याआधी जॉब आणि मशीन जुळवून घेणं. पुढचा ब्लॉक खालून आणि वरून, मागचा ब्लॉक खालून आणि वरून, शिवाय रेलवर दाबणारी छोटी पट्टी दोन बाजूंनी, अशी सहा सेटिंग. प्रत्येकाला तास धरा, तासाला ६००, म्हणून ३,६००. इथपर्यंत बेरीज १०,६०० झाली, आणि अजून एकही ब्लॉक तयार नव्हता.

पुढचं भराभर झालं. जोडीला मशीनचा पाऊण तास, ४५० प्रमाणे दहा जोड्यांचे ४,५००. माल बारा जोड्यांचा, १,२००, कारण दोन जोड्या बिघडणार हे धरूनच चालायचं. हातानं कडा साफ करायचे ६००. एनोडायझिंगचे १,५००; तो माणूस दहा जोड्या असोत की तीस, लॉटचे किमान पैसे घेतोच. नागदेवीहून स्टेनलेसचे एलन स्क्रू, ४००. एकूण १८,८००.

मी ऑफिसात रोज असे तक्ते करते, तरी ते बघून गप्प झाले. माझ्या शंभर रुपयांच्या धातूला त्या कागदावर एकच ओळ होती. अर्ध्याहून जास्त पैसे पहिला बरोबर ब्लॉक निघेपर्यंतच खर्च होणार होते, आणि ते पैसे दहा जणांत वाटले जाणार होते. मी तिथेच बाकीची दोन गणितं केली. एकच जोडी केली असती तर जीएसटीसकट पंधरा हजारांवर गेली असती. शंभर जोड्या केल्या, एक कटर जादा धरला, एनोडायझिंगला साडेतीन हजार धरले, तर जोडी जीएसटी सोडून ८२० च्या आसपास येते. चिनी ब्लॉकच्या किमतीच्या जवळपास. म्हणजे मरोळचा माणूस महाग नव्हता, आमची मागणी लहान होती.

काका बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "आमच्याकडेही हेच होतं, बाई. हजारांनी पार्ट निघायचे तेव्हा फिक्चरचा, म्हणजे जॉब पकडायच्या साच्याचा, खर्च कुणाच्या लक्षातही यायचा नाही. पण एखाद्या जुन्या मॉडेलचे वीसच नग हवेत म्हटलं, की तोच पार्ट सोन्याचा व्हायचा. फिक्चर पुन्हा लावा, गेज पुन्हा काढा, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत वीस नग टाका नाहीतर दोनशे, भट्टी तेवढीच तापवायची." मग बोटानं टेबलावर रेघ ओढत पुढचं सांगितलं, "आणि खऱ्या बंदुकीच्या पार्टला तर प्रत्येक सळईचं सर्टिफिकेट, प्रत्येक नगाची नोंद. तयार बंदुकीत जादा दाबाचं काडतूस उडवून प्रूफ घ्यायचं, तेव्हा ती बाहेर जायची. तुमचं काम त्यामानानं सोपं. पण मोजायचं तेवढंच काटेकोर."

मोजणं म्हणजे काय ते मी पुढच्या दोन शनिवारी बघितलं. डव्हटेलच्या तिरक्या कडेला व्हर्निअर लागत नाही, निसटतो. काका दोन्ही खाचांत एकेक पक्क्या मापाची गोल पिन ठेवत आणि पिनांवरून मायक्रोमीटर लावत. पिनेवरचं माप बरोबर आलं तर रुंदी जुळलेली. प्रत्येक ब्लॉकला हे दोनदा. मग सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ब्लॉक ठेवून वरून उंचीतला बारीक फरक दाखवणारा काट्याचा डायल फिरवायचा, पाठ आणि पोट समांतर आहेत का बघायला. एका ब्लॉकला काकांची सात-आठ मिनिटं जात. हे पैसे भाऊंनी कागदावर लिहिलेच नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "काकांचं सगळ्याच कामात धरलेलं असतं." नव्हतं. मी जॉबकार्ड तीनदा बघितलं होतं.

दुसऱ्या शनिवारी मागच्या ब्लॉकचे तीन नग बिघडले. डायल एका कडेला शून्य दाखवत होता, दुसऱ्या कडेला सहा शतांश मिलिमीटर. मशीनवरच्या पोरानं जॉब उलटा धरताना खाली कुलंटमध्ये, म्हणजे कापताना सोडायच्या थंडाव्याच्या पाण्यात, भिजलेला बुऱ्याचा एक कण राहिला होता, दिसणारही नाही असा. त्यावर जॉब बसला, तिरका कापला गेला, आणि पुढचे दोनही तसेच, कारण जॉ पुसला गेला नाही. वीस मिलिमीटर रुंदीत सहा शतांशाचा कल म्हणजे साइट एका खांद्यावर झुकलेली. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, चेहरा उतरला त्याचा. काका त्याला ओरडले नाहीत. तिन्ही नग त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "डायल तूच लाव. तूच वाच." त्यानं वाचलं. पुढचा प्रत्येक जॉब धरण्याआधी तो जॉवर हवा मारून कपडा फिरवताना मी बघितला. दर नगाला वीस सेकंद जादा.

हे तीन नग भाऊंनी स्वतःच्या खिशातून सोसले. दोन जोड्यांचा जादा माल होता, त्यात ते भागले नाहीत. एकाला नवा तुकडा कापावा लागला. मी पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. मोठ्या कारखान्यात हजारात तीन नग गेले तर कुणी बघणारही नाही. इथे दहात तीन गेले, म्हणजे त्या ऑपरेशनचा दिवस गेला.

एनोडायझिंगबद्दल मला वाटायचं, काळा रंग देतात. तो रंग नसतोच. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड करतात आणि मग त्यात रंग मुरवतात. आम्ही सांगितलेला थर दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यातला काही भाग आत जातो, काही बाहेर वाढतो. म्हणजे प्रत्येक कडा काही मायक्रॉन फुगते. काकांनी हे आधीच धरून पिनेवरचं माप तेवढं कमी ठेवलं होतं. धरलं नसतं तर साइट वरच्या रेलवर दाटून बसली असती, आणि दाटून बसवलेली साइट काढताना कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालतंच. मला त्या चिनी ब्लॉकची आठवण झाली. त्याची पकड सैल का होती, ते आता थोडं कळलं. हजारो नगांतला प्रत्येक नग जगातल्या कुठल्याही रेलवर चढायला हवा असेल, तर माप ढिलंच ठेवावं लागतं. इथे काकांनी आमच्या मुलांच्या तीन रायफली मागवून त्यांच्या रेली मोजल्या होत्या. रायफली कव्हरात, दोघा पालकांसोबत आल्या, मोजून झाल्यावर परत रेंजवर गेल्या.

या सगळ्यात माझ्याकडून एक चूक झाली. क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आधी फक्त आकडा टाकला, २,२१८. कागद टाकला नाही. तासाभरात दोन पालकांनी नावं मागे घेतली. एकांनी चिनी ब्लॉकची लिंक टाकली. दहाच्या आठ जोड्या झाल्या असत्या तर उरलेल्यांना दोन हजार सहाशेच्या घरात पडल्या असत्या, मग आणखी कोणी गळलं असतं. रात्री जॉबकार्डाचा फोटो टाकला, खाली साइटचं साडेबारा पटीचं गणित लिहिलं, आणि फोन करून दोघांशी बोलले. एक परत आले. दुसऱ्यांना खरंच परवडत नव्हतं. मुलीची पेलेट आणि मॅचची फीच ते कशीबशी भरत होते. ती दहावी जोडी मी आणि आणखी तिघांनी मिळून घेतली आणि क्लबाच्या कपाटात ठेवली, ज्या मुलाला लागेल त्यानं वापरावी म्हणून. ती सध्या त्याच मुलीच्या रायफलीवर आहे.

ब्लॉक हातात आले तेव्हा गणपती दोन दिवसांवर होते. इस्टेटच्या खाली मंडप बांधणं चालू होतं, लिफ्ट बंद होती. भाऊंनी प्रत्येक जोडी वेगळ्या पिशवीत घालून काकांच्या हातचं मापाचं चिठोरं आत टाकलं होतं. लेकीनं दुसऱ्या दिवशी रेंजवर मागचा ब्लॉक बसवला, एलनकीनं आवळला, आणि सरांनी पूर्वीसारखंच बोट लावून ढकललं. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा ढकललं, जोरात. मग मान हलवून दुसऱ्या मुलाकडे गेले.

दिवाळीनंतर ठाण्याच्या आणि पुण्याच्या मुलांकडून आणखी आठ जोड्यांची मागणी आली. मी भाऊंना फोन केला. प्रोग्राम होता, कटर होता, जॉ होते. सेटिंग मात्र सहाच्या सहा पुन्हा करावी लागणार होती, कारण मध्ये त्या मशीनवर दुसरी पन्नास कामं होऊन गेली होती. भाव निघाला १,३०० अधिक जीएसटी, १,५३४ रुपये. यावेळी काकांच्या तपासणीचे वेगळे लावा, असं मीच सांगितलं. भाऊ थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जोडीला साठ लावतो."

मी ग्रुपवर आधी कागद टाकला, मग आकडा. गाळ्यात गेले तेव्हा तो पोरगा कपाटातून आमचे सॉफ्ट जॉ काढत होता. तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वर मार्करनं लिहिलेलं, 'रायझर, वरळी'. व्हाइसवर चढवण्याआधी त्यानं त्यांच्यावर हवा मारली आणि कपडा फिरवला.